आम्स्टरडॅमच्या कालव्यांत स्वतः बोट चालवायची असेल तर

आम्स्टरडॅममध्ये छोटी बोट भाड्याने घेऊन कालव्यांतून स्वतः फिरता येतं आणि त्याला परवाना लागत नाही, हे सांगितलं की भारतातून आलेले पाहुणे आधी विश्वासच ठेवत नाहीत. पण नियम तसाच आहे. नेदरलँड्समध्ये १५ मीटर किंवा त्याहून लांब, नाहीतर ताशी २० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जाऊ शकणाऱ्या बोटीलाच परवाना लागतो. भाड्याच्या बोटी पाच-सहा मीटरच्या, बॅटरीवर चालणाऱ्या आणि मुद्दाम संथ ठेवलेल्या असतात. धक्क्यावरचा माणूस दहा मिनिटांत सगळं दाखवतो, दोर सोडतो आणि तुम्ही पाण्यावर असता.

त्या दहा मिनिटांत बोट पुढे कशी न्यायची ते समजतं. थांबवायची कशी ते समजत नाही, आणि खरी अडचण तिथेच येते. बोटीला ब्रेक नसतो. मोटार बंद केली तरी ती पुढे सरकत राहते, आणि समोर दगडी पूल, बाजूला कुणाचं तरी राहतं हाउसबोट-घर आणि मागून वीस मीटर लांबीची प्रवासी बोट येत असते. वेग, वळणं, पूल, धक्का, सगळ्या सूचना या एका गोष्टीवरून निघतात. ती डोक्यात पक्की बसली की बाकीचं सोपं आहे.

आम्स्टलवेन, होफडॉर्प या भागांत राहणाऱ्या मराठी घरांत दर उन्हाळ्यात आई-वडील, सासू-सासरे, भाचरं येतात आणि एक दिवस कालव्यांचा ठरलेला असतो. तो दिवस आखताना उपयोगी पडेल असं जे जे मला माहीत आहे ते इथे मांडतो.

बुकिंग करण्याआधी

प्रथम हे ठरवा की बोट चालवायची आहे की फक्त फिरायचं आहे. घरच्या वडीलधाऱ्यांना शहर बघायचं असेल आणि सोबत चालवू शकणारं एकच माणूस असेल, तर काचेच्या छपराच्या मोठ्या बोटीची तासाभराची फेरी जास्त सुखाची. त्यात माहिती मिळते, पाऊस लागत नाही. स्वतःची बोट घ्यावी ती चार-सहा जणांचा गट असेल, निदान दोघांना आळीपाळीने सुकाणू धरायची हौस असेल आणि हाताशी तीन तास असतील तेव्हा. दोन तासांत पहिला अर्धा तास शिकण्यात जातो आणि शेवटचा अर्धा तास वेळेत परत पोहोचण्याच्या काळजीत. तीन तास घ्याच.

भाडं माणशी नसतं, बोटीचं असतं. अनामत रक्कम घेतात. बोट चालवणाऱ्याचं वय बहुतेक ठिकाणी किमान १८ लागतं आणि ओळखपत्र मागतात. बुकिंग करताना तीन गोष्टी विचारून घ्या. एक, धक्का तरंगता आहे की भिंतीवरून खाली उतरावं लागतं? गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. काठाची भिंत आणि बोट यांत अर्धा-पाऊण मीटर उंचीचा फरक सहज असतो. दोन, लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का? मुलांची वजनं आधीच कळवा. तीन, त्या दिवशी कोणते कालवे बंद आहेत?

तिसरा प्रश्न बरेच जण विचारत नाहीत, आणि तोच सगळ्यात गरजेचा आहे. आम्स्टरडॅमच्या काठांच्या भिंती आणि पूल फार जुने आहेत, आणि जड वाहनांचं ओझं त्यांना सोसत नाही. १ सप्टेंबर २०२० रोजी विद्यापीठाजवळच्या ग्रिमबुर्गवाल कालव्याचा काठच कोसळून पाण्यात गेला. तेव्हापासून शहरभर दुरुस्तीची मोठी कामं सुरू आहेत. आज एक कालवा अडवलेला असतो, पुढच्या महिन्यात दुसरा. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनातला मार्ग जसाच्या तसा घेऊन निघू नका, मी खाली दिलेलासुद्धा नाही. धक्क्यावर त्या दिवसाचा नकाशा मिळतो, तो प्रमाण माना.

दिवस कोणता निवडायचा? मे ते सप्टेंबरमधला कामाचा दिवस, सकाळी दहाच्या सुमारास. तेव्हा पाणी मोकळं असतं. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी दुपारनंतर प्रिन्सेनग्राख्तवर (ग्राख्त म्हणजे कालवा) बोटींची रांग लागते. २७ एप्रिलच्या राजाच्या वाढदिवशी आणि ऑगस्टच्या सुरुवातीच्या प्राइड मिरवणुकीच्या दिवशी नवशिक्याने काठावर उभं राहून मजा बघावी. त्या दिवशी बोटी एकमेकींना घासत जातात.

हवामानात पावसापेक्षा वारा पाहा. पाऊस येतो-जातो. इथे सगळे बाउएनराडार नावाचं ॲप बघतात, पुढच्या दोन तासांत सर कधी येणार ते त्यात दिसतं. वारा मात्र हलक्या बोटीला सरळ जाऊच देत नाही. झाडांच्या मोठ्या फांद्या हलत असतील तर बुकिंग पुढे ढकलता येतं का ते विचारा. कालव्यांना भरती-ओहोटी नाही. समुद्राचं पाणी दारांआड अडवलेलं आहे आणि शहरातली पातळी जवळपास कायम तीच ठेवतात. त्यामुळे कोकणात खाडीत होडीत बसणाऱ्याला जी पहिली चौकशी सुचते, ती इथे करावी लागत नाही. तुम्हाला ढकलतो तो फक्त वारा.

धक्क्यावर

जुलैतसुद्धा वाऱ्याला अडवणारं जॅकेट घ्या. सपाट, न घसरणारे बूट घाला. आईने साडीच नेसायची म्हटली तर चालेल, फक्त बोटीत पाऊल टाकताना निऱ्या हातात धरायला सांगा. बोटीत टॉयलेट नसतं आणि तीन तास लांब असतात, म्हणून सगळ्यांनी निघण्याआधीच जाऊन या. कालव्यात लघवी करणं हा इथे दंडाचा गुन्हा आहे.

खायला न्यायला हरकत नाही. धपाटे, चटणी, चिवड्याचा डबा, थर्मासात चहा. पाण्यावर हे सगळं दुप्पट चविष्ट लागतं. पिशव्यांची तोंडं बांधून ठेवा, कारण उडालेली प्लास्टिकची पिशवी थेट कुणाच्या तरी बोटीच्या, पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्यात अडकते. स्पीकर घरी ठेवा. शहराच्या पाण्यावर ॲम्प्लिफायरवरच्या संगीताला बंदी आहे. दोन्ही काठांवर माणसं राहतात, आणि दगडी भिंतींमध्ये आवाज घुमतो. गाणी म्हणायची तर तोंडाने म्हणा. दारूची मर्यादा गाडी चालवण्याइतकीच, म्हणजे रक्तात ०.५ प्रति हजार. माझ्या मते सुकाणू धरणाऱ्याने तर एक थेंबही घेऊ नये.

बोटीत पाय ठेवायचा तो मधोमध, काठावर नाही. एकाने उतरायचं, बसायचं, मग दुसऱ्याने. जड माणसं दोन्ही बाजूंना सारखी वाटून बसवा. सगळे एका बाजूला बसले की बोट कलते आणि त्या बाजूला ओढते. सुकाणूवाल्याच्या समोर कुणी उभं राहू नये.

आणि तांडेल एकच ठरवा. "उजवीकडे घे", "अरे थांब", "नाही नाही, जा" असे चार आवाज एकदम आले की चालवणारा गोंधळतो आणि बोट मधल्या मधे भिंतीकडे जाते. एकाने चालवायचं, एकाने पुढच्या टोकाला बसून समोरचं सांगायचं, बाकीच्यांनी शहर बघायचं. जागा बदलायची असेल तर रुंद पाण्यात, बोट थांबवून.

पोहता न येणाऱ्या मोठ्यांनीही जॅकेट घालावं. नियम सगळ्यांना सक्ती करत नाही, पण आपल्यातल्या अनेकांना पोहता येत नाही हे खरं आहे. कालवा फार खोल नाही, दोन-तीन मीटर. पण काठाच्या भिंती सरळसोट आहेत आणि वर चढायच्या शिड्या काही ठिकाणीच आहेत. पाणीही गार असतं.

सुकाणू हातात आल्यावर

काही बोटींना गाडीसारखं चाक असतं, पण बहुतेकींना मागच्या टोकाला लांब दांड्याचं सुकाणू असतं. दांडा डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे जातं. पहिली पाच मिनिटं हात चुकतोच. म्हणून धक्का सोडल्यावर लगेच कुठे जाऊ नका. जवळच्या रुंद भागात जरा मागे-पुढे करून बघा: डावं वळण, उजवं वळण, पूर्ण थांबणं, रिव्हर्स.

तीन गोष्टी हाताला कळायला हव्यात.

पहिली म्हणजे बोट वळते ती मधल्या भागाभोवती. नाक उजवीकडे गेलं की शेपूट डावीकडे फेकली जाते. त्यामुळे भिंतीला खेटून उभे असाल आणि सरळ सुकाणू फिरवून निघायला गेलात, तर मागची बाजू भिंतीवर आपटते. निघताना पुढच्या माणसाने हाताने भिंतीला रेटून नाक आधी बाहेर काढायचं, मग हलकेच पुढे.

दुसरी, पंखा फिरत असतो तेव्हाच सुकाणू नीट काम करतं. घाबरून थ्रॉटल, म्हणजे वेग कमी-जास्त करायची मूठ, शून्यावर आणलं की बोट पुढे जात राहते आणि वळायची मात्र थांबते. वळणात थोडासा जोर कायम द्या. हे मनाला पटायला वेळ लागतो, कारण गाडीत भीती वाटली की आपण पाय उचलतो.

तिसरी, थांबायचं म्हणजे रिव्हर्स टाकायचा. पुढे असताना एकदम मागे ओढू नका. आधी न्यूट्रल, एक श्वास, मग रिव्हर्स. बोट हळूहळू ओसरते. रिव्हर्समध्ये ती नीट वळत नाही आणि वारा नाक भलतीकडे नेतो, म्हणून रिव्हर्सचा उपयोग थांबण्यापुरताच ठेवा. समोरच्या बोटीपासून चार-पाच बोटींएवढं अंतर सोडलंत तर घाई कधीच होत नाही.

कालव्यांत वेगमर्यादा ताशी ६ किलोमीटर आहे, म्हणजे झपाझप चालण्याचा वेग. भाड्याची बोट मुळात त्याहून फार पुढे जात नाही. पण अरुंद जागी त्याहूनही कमी ठेवा. तुमच्या लाटेने हाउसबोटी हलतात. शहरात अशा सुमारे २,५०० हाउसबोटी आहेत, आणि त्या लोकांची घरं आहेत. आत कुणी चहा ओतत असतं.

पाण्यावरची वाहतूक

उजवीकडे राहायचं. समोरून येणारी बोट तुमच्या डाव्या हाताने गेली पाहिजे. भारतात डावीकडून गाडी चालवणाऱ्याचा हात अडचणीच्या क्षणी नकळत डावीकडे जातो. पुढे बसलेल्या माणसाने हे लक्षात ठेवून वेळेवर "उजवीकडे" म्हणायचं.

वीस मीटर किंवा त्याहून मोठी बोट आली की वाट तिची. व्यवसायाच्या सगळ्याच बोटींना वाट द्या, त्याने काही बिघडत नाही. पर्यटकांना फिरवणाऱ्या मोठ्या बोटींचे चालक कमालीचे कुशल असतात, पुलाच्या कमानीखालून त्या दोन्ही बाजूंना अगदी थोडी जागा ठेवून वळवतात. पण त्यांनाही ब्रेक नाही, आणि त्यांचं वजन तुमच्या कित्येक पट आहे. अशी बोट दिसली की उजव्या काठाला सरका, वेग कमी करा आणि तिच्या चालकाकडे बघा. तो हाताने खूण करतो, ती पाळा. दोन छोट्या मोटारबोटी चौकात समोरासमोर आल्या तर साधारणपणे उजवीकडून येणारी आधी जाते. शंका आली की थांबा आणि हात करून जाऊ द्या.

पाट्या मोजक्याच पाठ करायच्या आहेत. लाल-पांढरा-लाल असे आडवे पट्टे: इथून जायचं नाही. पुलाच्या कमानीवर पिवळा चौकोन उभ्या टोकावर: जायला हरकत नाही, पण समोरूनही कुणी येऊ शकतं. असे दोन पिवळे चौकोन: जा, समोरून येणाऱ्यांना ही कमान बंद आहे. खोडलेलं पी अक्षर: इथे बोट लावायची नाही. काही अरुंद कालवे एकेरी असतात, ते धक्क्यावरच्या नकाशात दाखवलेलं असतं.

भोंग्याची भाषाही आहे. एक लांब भोंगा म्हणजे "सावध, मी येतोय". एक छोटा म्हणजे उजवीकडे वळतोय, दोन छोटे म्हणजे डावीकडे, तीन छोटे म्हणजे मागे येतोय. तुम्हाला वाजवायची वेळ क्वचित येईल, ऐकायची मात्र सतत येते.

सेंट्रल स्टेशनच्या मागे आय नावाचं रुंद पाणी आहे. तिथे मालवाहू जहाजं आणि माणसं पलीकडे नेणाऱ्या मोठ्या फेरीबोटी सतत ये-जा करतात. भाड्याची बोट तिकडे न्यायची नाही, कितीही मोकळं दिसलं तरी. तिथलं पाणी बघायचंच असेल तर स्टेशनमागून पलीकडे जाणाऱ्या फेरीबोटीत चालत चढा, ती फुकट आहे.

पुलाखालून

नवशिक्याची खरी परीक्षा पुलांवर होते, म्हणून इथे सावकाश सांगतो.

कैझर्सग्राख्त आणि रेग्युलियर्सग्राख्त एकमेकांना छेदतात तिथला चौक डोळ्यासमोर आणा. चौकाभोवती दगड-विटांच्या कमानींचे पूल आहेत. तुम्ही एका कमानीतून बाहेर पडता तेव्हा डावी-उजवीकडून कोण येतंय ते पुलाच्या भिंतीआडून दिसत नाही. नाक बाहेर आल्यावरच दिसतं, आणि तोवर बोट चौकात शिरलेली असते.

म्हणून पुलाच्या आधीच वेग निम्म्यावर आणा. कमानीतून पलीकडचं पाणी बघा. कुणी आत शिरलेलं असेल तर अलीकडेच उजव्या काठाशी थांबा. पूल रुंद दिसला तरी मोठी बोट आली की तो एकाच बोटीचा होतो. पुढच्या माणसाने भोंगा ऐकायचा. पर्यटकांच्या मोठ्या बोटी आंधळ्या वळणाआधी लांब भोंगा देतात. तो ऐकू आला की तुमचा नंबर नाही, हे ठरलेलं.

मग सगळ्यांना खाली बसायला सांगा. कमानी बाजूंना उतरत जातात, त्यामुळे मधे डोकं वाचतं आणि कडेला आपटतं. हात, कोपर, मुलांची बोटं, मोबाइल धरलेला हात, सगळं बोटीच्या आत. बोट भिंतीकडे चालली तर हाताने अडवायचा मोह आवरा. अर्धा टन वजनाची बोट आणि दगड यांच्यात बोटं चिरडतात. त्यासाठी बाजूला फेंडर, म्हणजे धक्का सोसणाऱ्या गाद्या, लटकवलेले आहेत, घासलं तर त्यांना घासू द्या.

कमानीच्या मध्यापासून किंचित उजवीकडे, सरळ रेषेत, थोडा जोर देत जा. आणि शेपूट पूर्ण बाहेर आल्याशिवाय वळू नका. नाक बाहेर आलं, समोर वळण दिसलं की हात शिवशिवतो. पण तेव्हा वळलात तर मागची बाजू कमानीच्या दगडावर जाते. पुढच्याने "बाहेर" म्हणायचं नाही, मागे बसलेल्याने म्हणायचं. ही छोटी युक्ती फार उपयोगी आहे.

पहिल्या दिवसाचा मार्ग

नकाशावर कालवे कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकात एक दिसतात. आतून बाहेर सिंगल, हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त. शहर वाढवायची योजना आखून १६१३ मध्ये यांचं खोदकाम सुरू झालं, आणि २०१० पासून हा पट्टा जागतिक वारसा यादीत आहे. या कड्यांना छेदत जाणारे छोटे आडवे कालवे म्हणजे लेलीग्राख्त, लाइडसेग्राख्त, रेग्युलियर्सग्राख्त.

नवशिक्यासाठी माझा आवडता फेरा असा आहे की त्यात सगळी वळणं उजवीकडची येतात. उजवीकडे राहून उजवीकडे वळताना समोरच्याची वाट कापावी लागत नाही, म्हणून तो सोपा.

या कड्यांच्या वरच्या टोकाला असलेल्या ब्राउवर्सग्राख्तवरून कैझर्सग्राख्तमध्ये शिरा आणि दक्षिणेकडे निघा. या मोठ्या कालव्यांत हा सगळ्यात रुंद, हात बसायला चांगला. लेलीग्राख्त मागे पडल्यावर थोड्याच वेळात उजव्या काठाला गुलाबी दगडाचा एक त्रिकोण पायऱ्यांनी पाण्यात उतरलेला दिसेल. समलिंगी असल्याबद्दल छळ सोसलेल्या माणसांचं ते स्मारक, १९८७ सालचं. पुढे घरांचे माथे बघत जा. जिन्यासारखे, घंटेसारखे, उंच मानेसारखे असे त्यांचे प्रकार आहेत, आणि बहुतेकांच्या टोकाला आकडा लावलेली तुळई बाहेर आलेली असते. जिने इतके अरुंद की कपाट-पलंग आजही बाहेरून दोराने वर ओढून खिडकीतून आत घेतात. घरं पुढे झुकलेली दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे, ओढलेलं सामान भिंतीला आपटू नये. काठावरून चालताना हे नीट दिसत नाही. पाण्यावर बसून मान वर केली की कळतं, आणि माझ्या मते बोट घेण्यामागचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

कैझर्सग्राख्त संपतो तिथे आम्स्टेल नदी. एकदम रुंद पाणी, आणि वारा. उजवीकडे वळा, उजव्या काठाने जा. समोर मागेरे ब्रुग, पांढरा लाकडी उचलता पूल. आताचा पूल १९३४ चा आहे, पण त्या जागी पूल त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. त्याखालून गेल्यावर पुढचं उजवं वळण प्रिन्सेनग्राख्त.

परतीची वाट प्रिन्सेनग्राख्तने. इथे हाउसबोटी दोन्ही बाजूंना लागलेल्या, त्यामुळे पाणी अरुंद होतं आणि वर्दळही जास्त. तोवर हात बसलेला असतो. रेग्युलियर्सग्राख्तच्या तोंडाशी जागा असेल तर वेग कमी करून उजवीकडे नजर टाका, एकामागे एक पुलांच्या कमानी दिसतात. सात पुलांचा प्रसिद्ध देखावा हेरेनग्राख्तच्या बाजूने दिसतो, पण तिथे फोटोसाठी थांबलेल्या बोटींची नेहमी गर्दी असते. पहिल्या दिवशी तो सोडा.

आणखी वर गेल्यावर उजव्या हाताला वेस्टरकेर्क हे चर्च. १६६९ मध्ये चित्रकार रेम्ब्रांटला इथेच पुरलं. त्याच्या लगेच पुढे २६३ क्रमांकाचं घर, अ‍ॅन फ्रँक जिथे लपून राहिली ते. काठावर रांग असते, आणि बोटीतले सगळे एकदम उभे राहून फोटो काढायला लागतात. उभं राहू देऊ नका. मागून प्रवासी बोटी येत असतात, तिथे थांबायलाही जागा नाही. बसल्या जागेवरून घर नीट दिसतं.

मग उजवीकडे ब्राउवर्सग्राख्त. पूर्वीची गोदामं, उभ्या लाकडी झडपांची, आता घरं झाली आहेत. फेरा पूर्ण करायला निवांत दोन तास धरा. वेळ कमी पडतोय असं वाटलं तर कैझर्सग्राख्तवरून लाइडसेग्राख्तने उजवीकडे वळून प्रिन्सेनग्राख्त गाठा, फेरा निम्मा होतो. रेड लाइट भागातले कालवे पहिल्या दिवशी टाळा. ते फार अरुंद आहेत, आणि तिथे खिडक्यांतल्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत हेही बोटीतल्या सगळ्यांना आधी सांगावं लागतं.

वसंतात गेलात तर हाउसबोटींच्या कडेला वारकरी पक्ष्यांची घरटी दिसतील. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. इथे तो काड्यांबरोबर प्लास्टिकचे तुकडे, दोऱ्या, जे मिळेल ते वापरून घरटं रचतो. पिल्लं असताना बोट लांबून न्या, लाट आली की घरटं हलतं.

थांबणं आणि अडचणी

मधे धक्क्याला लागायचं असेल तर वाऱ्याच्या तोंडाने या, म्हणजे वारा तुमचा ब्रेक होतो. काठाशी थोडा कोन करून, अगदी हळू. जवळ आल्यावर न्यूट्रल, मग हलका रिव्हर्स. दोर घेऊन उडी मारू नका, बोट काठाला टेकली की पाऊल टाका. दोर भिंतीतल्या लोखंडी कडीला किंवा खुंटाला बांधा. झाड, दिव्याचा खांब, सायकलीचा कठडा यांना नाही. पुलाखाली, हाउसबोटीला लागून किंवा फेरी बोटींच्या थांब्यावर कधीच थांबू नका. बोट एकटी सोडून कॅफेत जायला बहुतेक भाडेकरार परवानगी देत नाहीत.

बोट एकदम मंद झाली, मोटार घरघरायला लागली तर पंख्यात काहीतरी अडकलंय. क्षणभर रिव्हर्स दिला की पिशवी अनेकदा सुटते. नाही सुटली तर काठाला या, मोटार पूर्ण बंद करा आणि भाड्याच्या लोकांना फोन करा. चालू मोटारीत हात घालायचा नाही. तळात पिशव्याच नाहीत, सायकलीसुद्धा असतात. दरवर्षी १२ ते १५ हजार सायकली कालव्यांतून बाहेर काढतात. म्हणून काठाच्या अगदी कडेने पंखा खोल घालून जाऊ नका.

कुणी पाण्यात पडलं तर सगळ्यात आधी मोटार न्यूट्रल. माणूस पंख्यापासून लांब राहिला पाहिजे. तरंगतं कडं किंवा दोर फेका, त्याच्याकडे सतत बघत राहणारा एक माणूस नेमा, आणि बोटीच्या बाजूने, पंख्यापासून दूर, आत घ्या. दोघांनी एकाच वेळी एका बाजूला वाकू नका. गरज वाटली तर ११२. जागा सांगताना कालव्याचं नाव आणि जवळच्या घराचा क्रमांक सांगा. पुलांवरही क्रमांकाच्या पाट्या असतात.

दुसऱ्या बोटीला घासलंत तर थांबा, माफी मागा, फोटो काढा, भाड्याच्या लोकांना कळवा. हाउसबोटीला धक्का लागला तरी तेच. न सांगता निघून जाऊ नका.

हात अजून कच्चा वाटत असेल तर आधी आम्स्टरडॅमसे बोसमध्ये एक दुपार कनू चालवा. आम्स्टलवेनला लागून असलेल्या त्या जंगलातल्या पाण्यात गर्दी नसते, मुलांनाही वल्ह्याने बोट कशी वळते ते कळतं. आणि प्लास्टिकबद्दल काही करावंसं वाटलं तर प्लास्टिक व्हेल नावाची संस्था २०११ पासून लोकांना जाळी देऊन कालव्यांतला कचरा गोळा करायला नेते. मुलांना ही फेरी फार आवडते.

परत करताना

ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी धक्क्याजवळ असा. शेवटच्या वळणावर रांग लागते आणि उशिराचे पैसे अनामतीतून कापतात. अंधार पडणार असेल तर दिवे चालू आहेत का ते आधीच बघा. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, सप्टेंबरअखेरीस साडेसातलाच मावळतं. निघताना बोटीच्या चारी बाजूंचे फोटो काढले असतील तर परतल्यावर तेच दाखवा. आधीचे ओरखडे कुणाचे यावर वाद होत नाही. कचरा सोबत घेऊन उतरा, आसनांखाली चष्मे आणि मुलांच्या टोप्या राहतात त्या बघा, आणि उतरतानाही एकेक जण, मधोमध पाय ठेवत.